किल्ली येईपर्यंत

सरांनी डीपी बदलला. इतकी वर्षं तिथे त्यांच्या नातीचा फोटो होता, गेल्या आठवड्यात एक कुलूप आलं. साधंच, पितळी, तळहाताएवढं. वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून झडपेसारखा खिळ्याने ठोकलेला, किल्लीच्या भोकात बर्फाचं पाणी जाऊ नये म्हणून. मागे जुनाट लाकडी दार आणि तुपाचे हात लागून लागून काळी तुकतुकीत झालेली चौकट. बाकीच्यांना वाटलं असेल, मास्तर निवृत्त झाल्यावर जरा गूढ झालेत. मला ते कुलूप लगेच ओळखू आलं. त्या दारासमोरच्या दगडी पायरीवर मीही पन्नास मिनिटं बसले होते, आणि पन्नासाव्या मिनिटाला 'चला' म्हणणारी मीच होते.

तीन वर्षं झाली. लडाखच्या शाम भागातलं एक गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे किल्ली सांभाळणारा लामा एका वेळी एकच असतो आणि नाव लिहिलं की माणूसही कळतो. सिंधूकाठचा मोठा रस्ता सोडून एका ओढ्याच्या कडेने गाडी वर चढली. ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. घरांच्या सपाट धाब्यांवर जर्दाळू वाळत घातलेले, लांबून वाटावं गावाने गच्चीवर भगव्या सतरंज्या अंथरल्यात. बार्लीची कापणी चालू होती, त्यामुळे गावात चिटपाखरू नाही, सगळे शेतात. गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ-देऊळ, गावाच्या डोक्यावर. धापा टाकत वर पोचलो तर दाराला हे कुलूप. खालच्या एका धाब्यावर जर्दाळू उलटेपालटे करणाऱ्या आजीला आमच्या ड्रायव्हरने हाक मारली, 'जुले, आबी-ले!' आणि लडाखीत काहीतरी विचारलं. तिने हाताने ओढ्यापलीकडे दाखवलं. लामाजी शेतात गेलेत. निरोप धाडते. थांबा.

'आते होंगे,' ड्रायव्हर म्हणाला.

या 'आते होंगे'ला लडाखमध्ये घड्याळ नसतं हे एव्हाना कळलं होतं. ठिकसे, हेमिससारखे मोठे गोम्पा वेगळे. तिथे तिकीट आहे, पार्किंग आहे, कॅफे आहे, ठरलेल्या वेळा आहेत. पण गावागावांतली ही छोटी देवळं कुठल्या तरी मोठ्या गोम्पाच्या ताब्यात असतात आणि तिथून पाळीपाळीने एक लामा देखरेखीला येतो. दिवे लावणं, पाण्याच्या वाट्या भरणं, संध्याकाळी त्या रित्या करून पालथ्या घालणं, हिवाळ्यात धाब्यावरचा बर्फ वेळेवर ओढून काढणं ही सगळी त्याचीच कामं. बर्फ काढला नाही तर तो वितळून माती भिजते, पाणी आत झिरपतं आणि आठशे वर्षांच्या चित्रावरून पांढरा ओघळ उतरतो. तर अशा माणसाच्या कनवटीला ती किल्ली असते. तो शेतात असेल तर किल्लीही शेतात. कुणाच्या घरी मयत झालं असेल तर किल्ली तिकडे.

सर मजेत होते. दाराजवळ हाताने फिरवायची चक्रं ओळीने होती, त्यातलं एक दुधाच्या पावडरीच्या डब्याचं. पत्र्यावरचं निळं लेबल अजून अर्धं शाबूत. सरांनी ते वाचलं, हसले, आणि फिरवलं. मग पायरीवर बसून बूट काढले, मोजे झटकले, पुन्हा घातले. खाली ओढ्याचा आवाज, कुठूनतरी जनावरांना हाकताना गुणगुणल्यासारखं गाणं, आणि उन्हाला तो डोंगरावरचा कोरडा वास: माती, शेण, तापलेला विलोचा पाला. मी दर पाच मिनिटांनी मोबाईल बघत होते. रेंज नव्हती, वेळच बघत होते. संध्याकाळच्या उन्हात लामायुरूचे ते पिवळे डोंगर, ज्यांना सगळे 'मूनलँड' म्हणतात, ते मला टिपायचे होते. फोटो कुठल्या वळणावरून घ्यायचा, साडेपाच ते सहा ऊन कसं पडतं, सगळं वाचून आले होते. 'सर, अजून किती थांबायचं? एवढं काही असेलच असं नाही आत.' सर म्हणाले, 'ताई, असलं नसलं ते उघडल्यावर कळंल ना.' मी म्हटलं, 'चला.' ते उठले. वाद घालणारा माणूसच नाही तो. उठता उठता तेवढा कुलपाचा फोटो काढला.

गाडी गावातून खाली उतरून ओढ्याचा पूल ओलांडून वळली तेव्हा मी सहज मागच्या काचेतून वर पाहिलं. गोम्पाच्या शेवटच्या चढावर एक लाल ठिपका होता. वाकून, एक हात गुडघ्यावर ठेवून चढत होता. म्हातारा असावा. दाराशी पोचला, थांबला, इकडेतिकडे बघितलं, मग मान वळवून खाली रस्त्याकडे, आमच्या धुरळ्याकडे. हात वर केला नाही, हाक मारली नाही. एवढ्या लांबून मला त्याचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं आणि दिसला नाही. ड्रायव्हरचं लक्ष वळणावर. सर पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. 'गाडी थांबवा' हे दोन शब्द माझ्या तोंडात आले होते. मग दुसरं वळण आलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सरांना तर नाहीच.

सरांची आणि माझी ओळख लेहमध्ये झाली, म्हणजे अक्षरशः एका चिठ्ठीवरून. आमच्या होमस्टेच्या जेवणघरात कुणीतरी चिकटवलं होतं: शाम भाग, दोन दिवस, गाडीत एक सीट रिकामी. खाली नंबर, आणि अक्षर इतकं वळणदार की मराठी शाळेचा फळा आठवावा. अकोल्याकडचे, इतिहास शिकवायचे, एकटेच आलेले. बायकोचे गुडघे आणि मुलाची रजा या दोन कारणांनी बाकीचं घर मागे राहिलं. 'माझे वडील १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला होते, दीक्षाभूमीवर. मी पुढच्या वर्षी जन्मलो,' त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'म्हणजे आमच्या घरात धम्मात जन्मलेला पहिला मीच.' हे सांगताना त्यांचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सरळ होता. बुद्धाचा देश म्हणून त्यांनी बोधगया केलं होतं, सारनाथ केलं होतं, शाळेच्या सहलींना अजिंठा तर किती वेळा ते त्यांनाही आठवत नव्हतं. लडाख राहिलं होतं.

पहाटे आम्ही ठिकसेला गेलो. अंधारात पायऱ्या चढताना दोन पावलं टाकायची आणि उभं राहायचं. साडेतीन हजार मीटरवर माणसाला स्वतःच्या छातीचा ठोका ऐकू येतो, तो तसा घरी कधी येत नाही. गच्चीवर दोन लामा शंख फुंकत होते. खाली सिंधूच्या खोऱ्यावर धुक्याची पातळ साय. आत रांगा लावून लामा बसलेले, मधून आठ-दहा वर्षांची पोरं मोठाल्या किटल्या घेऊन धावतायत, घोगरा, छातीतून येणारा पाठ चाललाय आणि मधूनच झांजा, ढोल. भिंतीला टेकून आम्ही वीसेक टुरिस्ट. मूठभर सत्तू चहात कालवून पोरं ते जांभया देत खात होती. आम्हालाही चहा मिळाला, तो लोण्याचा आणि मिठाचा गुरगुर चहा. सरांनी घोट घेतला, मिशा पुसल्या आणि माझ्या कानाशी म्हणाले, 'ह्याला चहा म्हटलं म्हणून फसायला होते. सार म्हणा, मग छान लागते.' मी तसं मनात म्हणून पाहिलं. खरंच लागला.

पण सर आतून अस्वस्थ होते, ते मला थोड्या वेळाने कळलं. पाठ संपल्यावर बाजूच्या गोन्खांगमध्ये, म्हणजे रक्षक देवतांच्या अंधाऱ्या खोलीत शिरलो. वनस्पती तुपाच्या दिव्यांचा कोंदट वास, खांबाला टांगलेले मुखवटे, आणि मूर्तींच्या तोंडांवर कापडं टाकलेली. 'हे तोंड काहून झाकलं?' वर्षातून एकदा, उत्सवातच उघडतात, असं उत्तर मिळालं. (स्पितुकच्या अशाच खोलीला गाडीवाले सर्रास 'काली माता का मंदिर' सांगतात आणि आपली मंडळी भक्तिभावाने हात जोडतात. आतली देवता पाल्देन ल्हामो आहे, हे ऐकायला सहसा कुणी थांबत नाही.) सर बाहेर आले आणि कठड्याला टेकून म्हणाले, 'बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या ताई. देव नको, अवतार नको, श्राद्धपक्ष नको. आणि इथं येऊन पाहातो तर माझ्याच बुद्धाच्या घरात एवढी गर्दी.' चिडून नव्हते बोलत. लग्नघरी आपलं माणूस शोधणाऱ्याचा चेहरा होता.

शेजारच्या मैत्रेयाच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाच्या, देवळात तर आणखी गंमत झाली. ही मूर्ती दोन मजली आहे, सुमारे १५ मीटर उंच, दलाई लामांनी १९७० साली ठिकसेला भेट दिली त्याच्या आठवणीसाठी घडवलेली. आपण आत शिरतो ते वरच्या मजल्यावर, त्यामुळे एकदम चेहराच समोर येतो. सोन्याचा, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा, मुकुटावर पाच छोटे बुद्ध. पाय खालच्या मजल्यावर. सर कठड्यावरून वाकून खाली बघत राहिले. 'पाय तिकडं राहिले. नमस्कार कुठं करावा माणसानं?' मला हसू आलं, पण प्रश्न खरा होता. आपल्याकडे देवाचा चेहरा आपण चोरून बघतो आणि डोकं मात्र पायांवर टेकतो. चेहऱ्याशी असं समोरासमोर, डोळ्याला डोळा, हे जरा जास्तच सलगीचं वाटतं.

तिथेच एका तरुण लामाशी गप्पा जमल्या. बरीच वर्षं कर्नाटकात, मुंडगोडच्या तिबेटी मठात शिकायला होता. हुबळीहून दिल्लीची गाडी मिरज-पुण्यावरून जाते, त्यामुळे मिरज स्टेशनवरचा वडापाव त्याच्या चांगला लक्षात. 'चटनी बहुत तीखा,' असं म्हणून त्याने गालावरून हात फिरवला. सर एकदम खुलले. त्यांनी त्याला विचारलं, तुम्ही सरण कसं म्हणता? आणि आधी स्वतःच हात जोडून हळू आवाजात म्हटलं, बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि. पाली ऐकताना तो मान डोलवत होता. मग त्याने त्याचं म्हटलं. लामा ला क्याब्सु छिओ, सांग्ये ला क्याब्सु छिओ, छो ला, गेंदुन ला. सरांनी बोटं मोजली. 'आमचे तीन, यांचे चार. पहिलं कोणतं?' लामा, म्हणजे गुरू, तो म्हणाला. गुरू आधी, मग बुद्ध. बुद्ध तरी कुणामुळे कळला? सर बराच वेळ गप्प. पायऱ्या उतरताना माझ्याशी म्हणाले, 'चौथं आमच्याकडेही काही जण म्हणतात. मी नाही म्हणत. पण घरात बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो आहेच ना.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आलची. लेहहून साठ-पासष्ट किलोमीटर, वाटेत निम्मूला झंस्कारचं पाणी सिंधूला मिळतं. बाकीचे गोम्पा कसे डोंगराच्या टोकावर, गरुडाच्या घरट्यासारखे. आलची मात्र खाली, नदीकाठी, जर्दाळूच्या झाडांत लपलेलं. बोळातून जाताना वाटतं आपण कुणाच्या तरी परसात शिरतोय. बाहेरून बघाल तर मातीची ठेंगणी घरं. देखरेख लिकिरच्या लामांकडे. तिथेही किल्ल्यांचा जुडगा असलेला एक लामा दहा-पंधरा माणसं जमली की एकेक दार उघडतो, आत सोडतो, बाहेर काढतो, पुन्हा कुलूप. फोटो काढायला बंदी. सुमत्सेक नावाच्या तीन मजली देवळात वाकून शिरलो. आत फक्त दारातून येईल तेवढा उजेड. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग आधी दिसतात ते प्रचंड पाय. तीन भिंतींत तीन कोनाडे, प्रत्येकात मातीचा उभा बोधिसत्त्व, दोन पुरुष उंचीहून मोठा. डोकी वरच्या मजल्यात गेलेली, त्यामुळे खालून दिसतात ती धोतरंच. आणि त्या धोतरांवर सगळं जग रंगवलेलं. डावीकडे अवलोकितेश्वर, त्याच्या धोतरावर राजवाडे, देवळं, घोडेस्वार. उजवीकडे मंजुश्री, त्याच्यावर चौऱ्याऐंशी सिद्ध. मधला मैत्रेय. त्याच्या धोतरावर गोल गोल चौकटींत बुद्धाचं चरित्र.

सरांनी ते ओळखलं तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरणार नाही. गर्दीत हरवलेलं पोर सापडल्यावर बापाच्या तोंडून निघतो तसा. 'ही मायादेवी. हे लुंबिनी, हात वर करून झाड धरलंय पाहा.' त्यांच्या छोट्या टॉर्चचा उजेड एका गोलातून दुसऱ्या गोलात सरकत होता आणि मागे उभे असलेले दोन बंगाली आणि एक फ्रेंच बाई मुकाट्याने त्या उजेडामागे. भाषा मराठी होती, तरी कुणी हललं नाही. लामा दाराशी किल्ल्या वाजवत होता, तोही थांबला. मग सर डावीकडे वळले, अवलोकितेश्वराकडे. 'हा आपला पद्मपाणी. अजिंठ्याचा, एक नंबरच्या लेण्यातला. इथं चार हात आहेत, पण तोच.' वाटेवरच्या मणि-भिंतींवर दगडादगडावर कोरलेलं, दर चक्रातून फिरणारं ओम मणि पद्मे हूं, ते याचंच. जिथे तिथे ते दिसत होतं, पण त्या घटकेपर्यंत मला ते नुसतं लडाखी वाटत होतं, वाऱ्यावरच्या पताकांसारखं.

हे काम काश्मीरकडच्या कारागिरांचं. काळाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. कुणी अकराव्या शतकात नेतं, कुणी सुमत्सेक तेराव्याच्या सुरुवातीचं म्हणतं. स्थानिक माणसं सगळं श्रेय लोचावा रिंचेन झांगपोला देऊन मोकळी होतात. ९५८ ते १०५५ एवढं आयुष्य लाभलेल्या या अनुवादकाने १०८ देवळं बांधली अशी श्रद्धा आहे, त्यात आणखी एक खपून जातं. भिंतीवरच्या लेखांत मात्र द्रो घराण्यातल्या भिक्षूंची नावं आहेत. माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. तेव्हाच्या काश्मीरमधली अशी रंगवलेली बौद्ध देवळं आज काश्मीरमध्ये उरलेली नाहीत. ती उरलीत इथे, डोंगर ओलांडून, मातीच्या एका मूर्तीच्या धोतरावर, बोटभर उंचीची. तीसुद्धा कुणीतरी रोज दार लावून घेतलं, धाब्यावरचा बर्फ ओढला म्हणून. एका कोपऱ्यात वरून ओघळ आलेलाच होता. लडाखात पाऊस मुळात पडतच नाही म्हणून मातीचं छप्पर. आणि आता पडतो तेव्हा ऑगस्ट २०१०मध्ये लेहला फाटला तसा एका रात्रीत. गावातली माणसं धाब्यावर मार्कालाक म्हणजे एक चिकट माती चोपतात, तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. सहसा.

तर हे सगळं सकाळी पाहून आलेली मी, दुपारी त्या कुलपासमोर 'एवढं काही असेलच असं नाही आत' म्हणाले होते.

लामायुरूचा फोटो मिळाला. ऊन हवं तसं पडलं, डोंगर मेणासारखे पिवळे, वर गोम्पा. सत्तर-ऐंशी लोकांनी अंगठे दाखवले. त्या रात्री होमस्टेत अंगावर तीन रजया घेऊन पडले आणि झोप येईना. विरळ हवेने येत नाही असं सगळे म्हणतात, मीही तेच म्हटलं. डोळ्यांसमोर मात्र आमच्या गावचा गुरव येत होता. राजापूरजवळच्या आमच्या गावात देवीच्या देवळाची किल्ली गुरवाच्या स्वयंपाकघरात चुलीमागच्या खुंटीला असायची. मे महिन्यात मुंबईकर यायचे. भर दुपारी सुमो घाटीच्या तोंडाशी उभी करून कुणीतरी आमच्या ओटीवर यायचं, 'देऊळ बंद आहे हो, जरा उघडायला सांगता?' मग आजी मला पिटाळायची. मी अनवाणी, तापलेल्या कातळावरून उड्या मारत. गुरव जेवायला बसलेला असायचा. तो ताटावरून उठायचा, हात धुवायचा, खांद्यावर पंचा टाकायचा आणि काही न बोलता माझ्या मागून यायचा. एकदा आम्ही पोचलो तर सुमो गेलेली. धूळ अजून बसायची होती. गुरवाने देऊळ उघडलं, आत जाऊन समईची वात वर सारली, मला अंगारा लावला, कुलूप घातलं आणि परत जेवायला गेला. त्याला काही वाटलं का, माहीत नाही. आजीला वाटलं. रात्री ती बोटं मोडत होती, 'देव काय पळून जातोय? यांच्याच पायांना चाकं.' मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. त्या सुमोत बसलेल्या बाईचा मला इतका राग आला होता की तिच्या केसातला अबोलीचा गजरा मला अजून आठवतो. तीच ती काचेतून मागे बघत होती की नव्हती, ते नाही आठवत. मी बघितलंच नसेल.

म्हाताऱ्याने पुढे काय केलं असेल? मी याची बरीच उत्तरं तयार केलीत. परत शेतात गेला असेल. किंवा एवढा चढ चढलोच आहे तर संध्याकाळचे दिवे आत्ताच लावून टाकू, म्हणून दार उघडलं असेल. हे दुसरं मला बरं वाटतं म्हणून मी ते जास्त वेळा निवडते. आत काय असेल तेही मी शोधायचा प्रयत्न केला. नेटवर त्या गावाचं नाव टाकलं की एक होमस्टे येतो आणि जर्दाळूचं तेल विकणारं कुणीतरी. देवळाचा बाहेरून काढलेला एक फोटो आहे. त्यातही कुलूप आहे.

डीपी बघून मी परवा सरांना फोन केला. तब्येत, नात, बाईंचे गुडघे, सगळं झालं. ते म्हणाले, निवांत वेळ होता, मोबाईल साफ करत बसलो होतो, त्यात हा फोटो लागला. 'साऱ्या सहलीत मला हाच फोटो आवडला. बाकीचे कोणीही काढते.' पुढच्या वर्षी पुन्हा जायचं मनात आहे, यावेळी फक्त गावांतली देवळं, गाडी कमी, मुक्काम जास्त. तुम्ही येता का? येते म्हटलं. मग मला राहवेना. म्हटलं, 'सर, पण पुन्हा कुलूप असलं तर? त्या दिवशी एवढं थांबलो...'

'थांबलो कुठं ताई? पन्नास मिनिटं,' सर म्हणाले. 'निरोप गेला होता ना त्याले? मग आला असंल तो. आपण निघालो.'

मी काही बोलले नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आणि बाईंनी आतून त्यांना गॅस बंद करायला सांगितलं.